देव हरला आणि हसला

कुणी विनोदवीर देवाधर्मावर काही बोलला की पुढचे आठ दिवस काय होणार हे आता सगळ्यांना पाठ झालं आहे. चित्रफीत फिरते, भावना दुखावतात, पोलीस ठाण्यात तक्रार जाते, मग माफीची चित्रफीत येते. दोन्हीकडचे लोक आपापली ठेवणीतली वाक्यं घेऊन मैदानात उतरतात. या धुमाळीत कुणीतरी हमखास ज्यूंचं उदाहरण काढतो: 'त्यांच्याकडे बघा, स्वतःच्या धर्मावर किती मोकळेपणी हसतात ते! आपल्यालाच काय झालंय?' समोरून उत्तर तयार असतं: 'ते हसणारे ज्यू धर्म सोडून बसलेले. धर्म पाळणाऱ्याला विचारून बघा.' ही जुगलबंदी मी इतक्यांदा ऐकली आहे की आता गप्प बसवत नाही. ज्यू परंपरेतलं हसू नेमकं कुठे आहे याचा पत्ता दोघांनाही नाही. ते पोथीच्या मधोमध आहे. वचन वाचण्याची, त्याचा अर्थ ताणून बघण्याची, त्याच्याशी भांडण्याची ती एक जुनी रीत आहे. आणि या रीतीला किंमत मोजावी लागते: आधी अभ्यास करावा लागतो, आणि हसताना समोरच्या माणसाची अब्रू सांभाळावी लागते. पहिल्या पक्षाला हवी असलेली सरसकट मोकळीक इथे मिळत नाही. दुसऱ्या पक्षाला दिसणारा धर्मद्रोहही इथे सापडत नाही.

सुरुवात अगदी पहिल्या घरापासून करायला हवी. अब्राहाम शंभरीला टेकलेला, सारा नव्वदीची, आणि देव सांगतो की तुम्हाला मुलगा होईल. अब्राहाम पालथा पडून हसतो. पुढच्या अध्यायात तंबूच्या दाराआडून ऐकणारी सारा मनातल्या मनात हसते: मी अशी झिजलेली, धनीही म्हातारा, आता कसलं सुख? देव अब्राहामाला विचारतो, सारा का हसली? ती घाबरते, म्हणते, मी नाही हसले. देव म्हणतो, नाही, हसलीसच. पुढे मुलगा होतो, त्याचं नाव यित्झाक, म्हणजे 'तो हसेल'. मराठी बायबलातला इसहाक तो हाच. आता रब्बींचं, म्हणजे ज्यू धर्मपंडितांचं, वाचन बघा. त्यांच्या नजरेने एक बारीक गोष्ट टिपली. सारा म्हणाली होती, 'धनी म्हातारा'. देवाने अब्राहामाला सांगताना मात्र तिचे शब्द फिरवले: 'सारा म्हणते, मी म्हातारी झाले.' का? तालमूदचं, म्हणजे रब्बींच्या शास्त्रचर्चांच्या जुन्या ग्रंथाचं, उत्तर असं की नवरा-बायकोत कटुता येऊ नये म्हणून खुद्द देवानेही वाक्य बदललं. हे वाचताना ओठांवर हसू आलं नाही तर वाचन अर्धवट राहिलं असं मी म्हणेन. पण त्याच वाचनातून रब्बींनी एक गंभीर नियमही काढला, की घरात शांतता राहावी यासाठी बोलण्यात फेरफार केला तरी चालतो. हसू आणि नियम एकाच ओळीतून निघाले. (अकराव्या शतकातला थोर भाष्यकार राशी म्हणतो, अब्राहामाचं हसू आनंदाचं आणि साराचं अविश्वासाचं, म्हणून देवाने जाब फक्त साराला विचारला. मला हे पटत नाही. दोन्हीकडे हिब्रू क्रियापद एकच आहे.)

तालमूदचं छापील पान एकदा समोर ठेवून बघावं. मधोमध मूळ मजकूर, तोही बहुतेक वादाच्याच रूपात. आतल्या कडेला राशीची टीका. बाहेरच्या कडेला त्याच्या नातवांच्या आणि त्यांच्या नंतरच्यांच्या टिपा, ज्यात राशीलाच जागोजागी अडवलेलं असतं. 1520 ते 1523 या काळात व्हेनिसमध्ये छापल्या गेलेल्या प्रतींनी पानाची ही मांडणी रूढ केली, ती आजही तशीच आहे. म्हणजे पान उघडलं की बाराशे-पंधराशे वर्षांतली माणसं एकाच वेळी बोलायला लागतात. हे शिकायचं तेही एकट्याने मान खाली घालून नाही. दोघं समोरासमोर बसतात, मोठ्याने वाचतात, एकाने मांडायचं आणि दुसऱ्याने खोडायचं. अशा ठिकाणी हसू बाहेरून आणावं लागत नाही. नियम शेवटच्या टोकापर्यंत ताणला की ते आपोआप उमटतं. याच ग्रंथात रब्बा नावाच्या आचार्यांची रीत नोंदलेली आहे. धडा सुरू करण्याआधी ते काहीतरी गमतीचं बोलत, शिष्य हसत, आणि मग ते धाकाने सावरून बसत व शिकवायला लागत. आधी हसू, मग धाक, आणि दोन्ही एकाच बैठकीत.

माझा सगळा मुद्दा ज्या एका गोष्टीवर उभा आहे ती तालमूदच्या 'बाबा मेत्सिया' या भागात येते. प्रश्न अगदी स्वयंपाकघरातला. मातीची एक भट्टी आडवे तुकडे करून, मध्ये वाळू भरून रचलेली आहे. तिला विटाळ लागतो की नाही? रब्बी एलिएझर म्हणतात, लागत नाही. बाकी सगळे म्हणतात, लागतो. एलिएझर जगातले सगळे युक्तिवाद करून बघतात, कुणी ऐकत नाही. मग ते म्हणतात, माझं खरं असेल तर बाहेरचं ते कॅरोबचं झाड सिद्ध करेल. झाड उपटून शंभर हात पलीकडे जातं. मंडळी म्हणतात, झाडावरून पुरावा घेत नाहीत. ओढ्याचं पाणी उलटं वाहतं. पाण्यावरूनही पुरावा घेत नाहीत. शेवटी ते पाठशाळेच्या भिंतींना साक्षीला बोलावतात आणि भिंती कलायला लागतात. तेव्हा रब्बी यहोशुआ भिंतींना दम भरतात: विद्वान शास्त्रावरून एकमेकांशी भांडत असतील तर तुमचा काय संबंध? तालमूद सांगतो, यहोशुआंचा मान राखून भिंती पडल्या नाहीत, एलिएझरांचा मान राखून सरळही झाल्या नाहीत, कलत्या त्या कलत्याच राहिल्या. मग आकाशवाणी होते: एलिएझरशी कसला वाद घालता, निर्णय नेहमी त्याच्याच बाजूने असतो! यहोशुआ उठून उभे राहतात आणि तोरातलंच, म्हणजे सिनाय पर्वतावर देवाने मोशेला दिलेल्या धर्मग्रंथातलंच, एक वचन देवाला ऐकवतात: 'ती स्वर्गात नाही.' म्हणजे काय, ते रब्बी यिर्मया उलगडून सांगतात. तोरा सिनाय पर्वतावरच देऊन झाली, आता आम्ही आकाशवाणीकडे लक्ष देत नाही. बहुमताप्रमाणे चाला, असं तूच त्यात लिहून ठेवलं आहेस. मूळ वचन तर असं आहे की वाईट करण्यासाठी बहुमताच्या मागे जाऊ नकोस. त्याचा शेवटचा तुकडा रब्बींनी आपल्याकडे वळवून घेतला. देवाला देवाच्याच पुस्तकातलं अर्धं वाक्य दाखवून गप्प करणं, याहून धीट विनोद मला ठाऊक नाही.

पुढे एकदा रब्बी नाथान यांची गाठ बायबलातल्या एलियाहू संदेष्ट्याशी पडते. ते विचारतात, त्या घटकेला देव काय करत होता? एलियाहू सांगतो: देव हसला आणि म्हणाला, माझ्या लेकरांनी मला हरवलं, माझ्या लेकरांनी मला हरवलं.

ही गोष्ट सांगणारे बहुतेक लोक इथेच थांबतात, आणि ज्यू लोक देवाशीही कशी थट्टा करतात याचा दाखला म्हणून ती मिरवतात. मला त्याचा राग येतो, कारण गोष्ट इथे संपतच नाही. वाद जिंकलेल्या मंडळींनी त्याच दिवशी एलिएझरांनी शुद्ध ठरवलेल्या सगळ्या वस्तू आणून जाळल्या आणि त्यांना बहिष्कृत केलं. ही बातमी सांगायला रब्बी अकिवा काळे कपडे घालून गेले, चार हात अंतरावर बसले. एलिएझरांनी आपले कपडे फाडले, पायताण काढलं, जमिनीवर बसले, डोळ्यांतून पाणी आलं. त्या दिवशी जगातलं जैतुनाचं, गव्हाचं आणि जवाचं पीक एक तृतीयांश करपलं. एलिएझरांची बायको इम्मा शालोम ही विद्यापीठाच्या प्रमुखाची बहीण. त्या दिवसापासून ती नवऱ्याला प्रार्थनेत जमिनीवर कपाळ टेकून आपलं दुःख देवापुढे मांडू देत नसे. एके दिवशी तिची नजर चुकली, त्यांनी कपाळ टेकलं, आणि तिचा भाऊ गेला. बातमी यायच्या आधीच ती हे बोलली होती, म्हणून तुला कसं कळलं, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, माझ्या आजोबांच्या घरचं वचन आहे: सगळी दारं बंद होतात, बोलून दुखावलेल्याचं दार तेवढं उघडं राहतं.

आणि हे सगळं कुठे आलं आहे? भट्टीच्या किंवा विटाळाच्या प्रकरणात नाही. माणसाला शब्दांनी दुखावू नये, याची चर्चा चाललेली असताना ही गोष्ट येते. चारचौघांत दुसऱ्याचा चेहरा पाडणं म्हणजे त्याचं रक्त सांडणं, हे वाक्य तिच्या एखादं पान आधीच आहे. संपादकांनी ही गोष्ट तिथे सहज नेऊन ठेवली असेल असं मला वाटत नाही. देवाला हरवलं तर देव हसला. माणसाला मोडलं तर पीक जळालं. 'भावना दुखावल्या' या दोन शब्दांवर आपण इतके तंटे करतो, पण कोणाच्या भावना, हा प्रश्न विचारतो का? ईश्वराचा अपमान झाला म्हणून आपण माणसांना तुडवतो. इथे नेमकं उलटं आहे: ईश्वर आपली बाजू सांभाळायला समर्थ आहे, त्याला हरण्यातही आनंद आहे. जपायचं आहे ते कोपऱ्यात एकट्या पडलेल्या म्हाताऱ्या एलिएझरला.

हसत वाचण्याची ही रीत कशी चालते, हे एका जुन्या विनोदावरून दाखवतो. जगभरच्या ज्यू घरांत तो सांगितला जातो. सिनायवर देव मोशेला म्हणतो, 'करडाला त्याच्या आईच्या दुधात शिजवू नकोस.' मोशे म्हणतो, 'म्हणजे मांस आणि दूध एकत्र खायचं नाही तर!' देव म्हणतो, 'मी म्हटलं, करडाला त्याच्या आईच्या दुधात शिजवू नकोस.' मोशे म्हणतो, 'कळलं, मांस खाल्ल्यावर सहा तास दूध घ्यायचं नाही.' देव पुन्हा तेच सांगतो. मोशे म्हणतो, 'आलं लक्षात, दोन्हींची भांडीकुंडी वेगळी ठेवायची.' देव सुस्कारा सोडतो: 'बरं बाबा, कर तुला हवं तसं.' बाहेरच्याला यात कर्मकांडाची खिल्ली दिसेल. पण हे वचन तोरात तीनदा येतं, आणि त्या तीन उल्लेखांवर रब्बींनी नियमांची अख्खी इमारत उभारली, हे ज्याला माहीत आहे त्याला यात तालमूदचीच एक दुसरी गोष्ट ऐकू येईल. तीत मोशे काळाच्या पुढे येऊन रब्बी अकिवांच्या वर्गात आठव्या ओळीमागे जाऊन बसतो. आपण आणलेल्या तोरावरच चर्चा चाललेली, आणि त्याला एक अक्षर कळत नाही. त्याचं अवसान गळतं. तेवढ्यात एक शिष्य विचारतो, गुरुजी, हे कशावरून? अकिवा म्हणतात, हा सिनायवर मोशेला मिळालेला नियम आहे. तेव्हा कुठे मोशेचा जीव भांड्यात पडतो. वचन एक आणि आचार दुसराच, तरी दोघांत एक अखंड धागा आहे, ही गोष्ट कुठल्या प्रबंधाने याहून नेटकी सांगितली असती? घरगुती विनोद आणि ग्रंथातली कथा एकच प्रश्न विचारतात. फरक एवढाच की विनोदात देव सुस्कारा सोडतो आणि कथेत मोशे.

आता विरुद्ध बाजूचं जे बळकट आहे ते मान्य करायला हवं, आणि ते पुष्कळ आहे. पहिली गोष्ट, ही परंपरा हसण्याला सरसकट चांगलं म्हणत नाही. बायबलातल्या स्तोत्रसंहितेच्या पहिल्याच ओळीत टवाळखोरांच्या बैठकीत न बसणाऱ्याला धन्य म्हटलं आहे. तोंड भरून हसायला या जगात मनाई आहे, असं एका रब्बीचं मत नोंदलेलं आहे. मुलाच्या लग्नात विद्वान मंडळी फार रंगात आलेली पाहून एका आचार्याने चारशे झुझ (तेव्हाची चांदीची नाणी) किमतीचा पेला सगळ्यांसमोर फोडला, तेव्हा मंडळी भानावर आली. आणि यिर्मया! कबुतरखान्यापासून पन्नास हातांच्या आत पिल्लू सापडलं तर ते खान्याच्या मालकाचं, बाहेर सापडलं तर सापडेल त्याचं, असा नियम शिकवला जात होता. यिर्मयांनी विचारलं, पिल्लाचा एक पाय पन्नास हातांच्या आत आणि एक बाहेर असला तर? यावरून त्यांना पाठशाळेबाहेर काढलं. म्हणजे सीमा आहे. पण बघण्यासारखं हे आहे की ज्यांनी हाकललं त्यांनीच तो प्रश्न ग्रंथात जपून ठेवला. पुढे एका अवघड प्रश्नावर त्यांचं मत मागवलं गेलं, त्यांनी नम्रपणे उत्तर दिलं, आणि त्यांना परत आत घेतलं. भट्टीच्या गोष्टीत देवाला बहुमताचं कलम दाखवणारे यिर्मया ते हेच. सीमा ओलांडली म्हणून बाहेर काढणं आणि परत यायची वाट उघडी ठेवणं, दोन्ही ज्याला जमतं त्या समाजाला विनोदाचं भय राहत नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त बोचतो, कारण तो आपल्याला थेट भिडतो. तालमूदमध्ये राव नहमान यांचं वाक्य आहे: सगळी टवाळी निषिद्ध, मूर्तिपूजेची टवाळी तेवढी सोडून. म्हणजे आपल्यावर हसताना अभ्यास आणि अब्रू, आणि दुसऱ्याच्या देवावर हसायला रान मोकळं? हे वाक्य मला मान्य नाही, आणि ते झाकून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. त्याचा मूळ नमुना तो एलियाहूच. कर्मेल डोंगरावर बआल देवाचे 450 संदेष्टे सकाळपासून आळवणी करत असतात, आणि तो त्यांना डिवचतो: आणखी मोठ्याने हाका मारा, तो देव आहे ना! विचारात गढला असेल, प्रवासाला गेला असेल, नाहीतर झोपला असेल, उठवा त्याला. हाही विनोदच आहे. पण त्याचा शेवट काय? किशोन ओढ्यावर त्या संदेष्ट्यांची कत्तल. दुसऱ्याच्या श्रद्धेवरचं हसू किती झटकन रक्तापर्यंत पोहोचतं हे बायबलने कुठेही लपवलेलं नाही. हामान नावाच्या वजिराने रचलेल्या कत्तलीतून ज्यू वाचले त्याच्या आठवणीचा पुरीमचा सणही यातून सुटत नाही. सोंगं काढायची, हामानचं नाव आलं की खुळखुळे वाजवायचे, पाठशाळेत एका दिवसापुरता विद्यार्थ्याने गुरू होऊन गुरूची नक्कल करायची, असा हा हसण्याचा सण. त्याच पुरीमच्या दिवशी 1994 साली हेब्रॉनच्या मशिदीत एका ज्यू माणसाने नमाज पढणाऱ्या 29 जणांना गोळ्या घातल्या. सणाने त्याला हे शिकवलं असं मी म्हणणार नाही. पण सणाचं हसू त्याला थांबवूही शकलं नाही, हे मला मान्य करावंच लागतं.

तरीही याच आक्षेपाला उत्तर देताना परंपरेने काय केलं ते पाहा. तिने एलियाहूलाच बदललं. कत्तलीनंतरच्या अध्यायात तो जीव घेऊन पळतो, एका झुडपाखाली बसून मरण मागतो, आणि देव त्याला वाऱ्यात, भूकंपात, अग्नीत सापडत नाही, सापडतो तो मंद, हलक्या आवाजात. रब्बींच्या गोष्टींत तो परत येतो तेव्हा त्याची जीभ वेगळीच झालेली असते. बे लापातच्या बाजारात एक रब्बी त्याला विचारतो, इथे कुणी आहे का ज्याला परलोकात वाटा मिळेल? एलियाहू दोन माणसं दाखवतो. रब्बी त्यांना गाठून विचारतो, तुमचा धंदा काय? ते म्हणतात, आम्ही हसवणारे. कुणी उदास दिसला की त्याला हसवतो. दोघं भांडताना दिसले की खटपट करून समेट घडवतो. कर्मेलवर टवाळी करणारा तोच, बाजारात विदूषकांकडे बोट दाखवणारा तोच, देव हरून हसला ही बातमी आणणाराही तोच. राव नहमानच्या वाक्याला याहून चांगलं उत्तर मला तरी देता आलं नसतं.

तिसरा आक्षेप भीतीचा आहे: घरातलं हसू परक्याच्या हाती पडलं तर? ही भीती खरी ठरलेली आहे. इ. स. 408 मध्ये रोमन सम्राटांनी कायदा करून पुरीमला हामानचं सोंग जाळण्यास बंदी घातली, कारण त्यात क्रूसाची विटंबना होते असं ठरवलं गेलं. 1240 साली पॅरिसमध्ये तालमूदवर अक्षरशः खटला चालला, आणि देव माणसासारखा वागतो अशा कथा आरोपपत्रात घातल्या गेल्या. पुढे दोनेक वर्षांत गाड्या भरभरून हस्तलिखितं जाळण्यात आली. फिर्यादी निकोलस डोनिन हा जन्माने ज्यू, तालमूद शिकलेला आणि नंतर ख्रिस्ती झालेला. म्हणजे 'आतल्याने हसावं, बाहेरच्याने नाही' हा सोपा नियमही टिकत नाही. डोनिन आतलाच होता आणि त्याला पान येत होतं. त्याच्याकडे नव्हती ती एकच गोष्ट: ज्यांच्याबद्दल बोलतो आहोत त्यांच्यासोबत उद्याही राहायचं आहे, ही जाणीव. आणि इतकी पुस्तकं जळाल्यावर समाजाने काय केलं? त्या कथा गाळून टाकल्या? नाही. नव्या प्रती केल्या, कथांसकट. 1263 साली बार्सिलोनाच्या वादसभेत रब्बी नहमानीदेस यांनी राजासमोर सांगितलं की अशा कथा शब्दशः मानण्याचं बंधन आमच्यावर नाही. गोष्ट ही गोष्ट म्हणून वाचता येणं, हेच त्यांचं संरक्षण होतं. आपल्याकडे 1927 पासून कलम 295अ होतं, आता भारतीय न्याय संहितेचं 299 आहे. दोन्हींत 'हेतुपुरस्सर आणि दुष्ट हेतूने' ही अट आहे. पण हेतू ओळखायला आधी वाचता यावं लागतं, आणि तक्रारदार बहुधा तीस सेकंदांची चित्रफीत पाहून आलेला असतो.

शेवटचा आक्षेप खुद्द ज्यू रब्बींकडून येतो, आणि तो मला सगळ्यात भारी वाटतो. प्यू संशोधन संस्थेने 2013 साली अमेरिकेतल्या ज्यूंना विचारलं की ज्यू असण्यासाठी तुमच्या लेखी काय अत्यावश्यक आहे. 42 टक्के म्हणाले, विनोदबुद्धी. धर्मनियम पाळणं म्हणणारे 19 टक्के. बघा, हसता हसता धर्म गेला, असं म्हणणाऱ्याच्या हातात हा आकडा आहे. पण कारण आणि परिणाम यांची इथे गल्लत होते. स्थलांतर झालं, भाषा सुटली, पाठशाळेतलं ते समोरासमोर बसणं सुटलं, आणि एवढं सगळं गेल्यावर हसू तेवढं मागे राहिलं, कुपीतलं अत्तर संपल्यावर वास रेंगाळावा तसं. त्याला दोष कसा द्यायचा? दूध-मांसाचा विनोद ज्याला नुसताच मजेचा वाटतो त्याच्यासमोर ते पान उघडून ठेवलं तर तो त्याच हसण्याच्या वाटेने आत येऊ शकतो. विनोद बंद केला तर तीही वाट बुजेल.

हे सगळं आपल्यापासून दूरचं नाही. कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाकडे शेकडो वर्षं तालमूद नव्हता, रब्बी नव्हते. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ते 'शनिवार तेली'. नवगावचे नवगावकर, पेणचे पेणकर झाले, मराठीत बोलले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बायबलातल्या कथांवर त्यांनी मराठी कीर्तनंही उभी केली. त्यांनी पुरीमला आपल्या भाषेत काय नाव दिलं? 'होळीचा सण'. पुरीमची तिथी, म्हणजे ज्यू पंचांगातल्या अदार महिन्याची चतुर्दशी, आणि फाल्गुनाची पौर्णिमा अनेकदा शेजारी येतात, पण नुसत्या तिथीवरून असं नाव पडत नाही. सोंगाचा, गलक्याचा, वर्षातून एकदा मोठ्यांना चार शब्द ऐकवायचा दिवस म्हणजे काय, हे त्यांनी शेजाऱ्यांच्या शिमग्यात पाहिलं होतं आणि आपल्या सणात ओळखलं होतं.

आणि त्यांचा सगळ्यात लाडका संदेष्टा तोच, एलियाहू. अलिबागजवळच्या खंडाळ्याला कातळावर त्याच्या रथाच्या खुणा आहेत असं ते मानतात, आणि नवस फेडताना, लग्नाआधी, प्रवासाला निघताना त्याच्या नावाने मलिदा करतात. काही वर्षांपूर्वी रायगड जिल्ह्यातल्या एका घरी मी मलिद्याला बसलो होतो. मोठ्या ताटात भिजवलेले गोड पोहे, वर ओलं खोबरं, वेलची, बदामाचे काप, कडेने फळं मांडलेली. प्रार्थना सुरू व्हायची होती. सात-आठ वर्षांच्या नातवाने आजोबांना विचारलं, "एलियाहू तर रथातून वर स्वर्गात गेला ना? मग खंडाळ्याला खाली कशाला उतरला?" खोलीतली मंडळी गप्प झाली. आजोबांनी ताटाकडे बघितलं आणि म्हणाले, "अरे, एवढं खोबरं वर कुठं मिळतं?" सगळे हसले, आजी तर पदर तोंडाला लावून हसली. मग आजोबांनी टोपी सारखी केली, पुस्तक उघडलं, आणि 'एलियाहू हन्नबी'चा सूर लागताच ते पोरही हात जोडून उभं राहिलं.